शेवटचं कडवं

अमेरिकेत श्रीरामच्या गाडीत रोज तीच कॅसेट वाजायची. स्वीडिश गाणं, बाईचा उदास आवाज. विनीता शेजारी बसली असली की शेवटचं कडवं यायच्या आत तो टेप बंद करायचा.

"अर्थ काय रे याचा?"

"मला कुठे स्वीडिश येतं? चाल आवडते."

चाल आवडते म्हणे! ऑफिसातल्याच कुणा बाईने दिली असणार. विनीताने कॅसेट उचलली आणि मूळच्या स्वीडनच्या शेजारीणबाईंना ऐकवली.

"मुलगा अमेरिकेला गेलाय. आई रोज त्याचं ताट मांडते," त्या म्हणाल्या. "शेवटी तो परततो. ताट मांडलेलं असतं, आई नसते. पण कॅसेट देताना मी हे सांगितलं होतं की श्रीरामला!"

संध्याकाळी श्रीराम दारात दिसताच विनीता म्हणाली, "सांगलीला घरी जाऊन येऊ या. आई आहेत तोवर."