वरातीची चाल

वरातीला घोडी देणारा मल्हारी मुंबई नाक्यावर जुनी, उघड्या टपाची लाल विदेशी गाडी बघायला आला, तेव्हा एजंट राजने वेगापासूनच सुरुवात केली. "पाच सेकंदांत शंभर गाठते, काका."

"ते सोड. सगळ्यात हळू किती चालते?"

राज गोंधळला. मल्हारीने त्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि भर उन्हात स्वतः गाडीपुढे वरातीच्या चालीने चालू लागला. चार पावलं टाकायचा, पोरं नाचायला लागल्यासारखा थांबायचा, पुन्हा चार पावलं. तासाभराने त्याने वळून बॉनेटवर तळहात ठेवला, घोडीच्या मानेवर ठेवावा तसा. मग आत डोकावून पाहिलं. तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकला नव्हता.

"घेतली," तो म्हणाला.

"मग आता घोडी विकणार असाल ना? माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

मल्हारीने खिशातून घोडीच्या कपाळावरचा गोंडा काढला आणि गाडीच्या आरशाला बांधला.

"अठरा वर्षं तिनं नवरदेव वाहून माझं घर चालवलं. आता गुडघे धरलेत तिचे. तिनं बसून खायचं, अन् हिनं तिचा चारा कमवायचा."