मंगळभूमीवर जन्मलेला भाऊ

शपथविधीच्या सभागृहात जयवंत आपल्या जुळ्या भावाच्या नव्या कोटाकडे जळफळत पाहत होता. मंगळाच्या कायद्यानुसार त्या भूमीवर जन्मलेलाच तेथील नागरिक ठरे. जयवंत यान उतरण्यापूर्वी आकाशातच जन्मला होता आणि सुधन्वा यान उतरल्यानंतर. म्हणून सज्ञान होताच जयवंतास कधीही न पाहिलेल्या पृथ्वीवर पाठविण्यात येणार होते.

“दादा, असे डोळे वटारू नकोस,” सुधन्वा हळूच म्हणाला. “बाहेर यायची घाई तुलाच झाली होती.”

“आणि तू आत लोळत राहिलास, आळशा! बक्षीसही तुलाच!”

सुधन्वा हसला व व्यासपीठावर गेला. कायद्यात एक सवलत होती. नागरिकाने आपला हक्क सोडल्यास तो सख्ख्या भावंडास मिळे. सुधन्वाने शपथेऐवजी तीच सवलत मागितली.

“माझा हक्क दादाला द्यावा. पृथ्वीवर मी जाईन.”

सभागृहातील सर्व जण उठून टाळ्या वाजवू लागले. आई रडत धावली, ती सुधन्वाकडे. मंगळाचा नवा नागरिक जयवंत एकटाच उभा राहिला आणि त्यास आपल्या भावाचा पूर्वीपेक्षाही अधिक हेवा वाटू लागला.