हिरवा दिवा

"आधी हिला खाली उतरवा," अप्पाराव म्हणाले, "मंग मी तोंडाला रंग लावतो."

आमरीन शिडीवर होती. विंगेत टांगलेल्या पत्र्याची दोरी ती तपासत होती. माणसापेक्षा उंच पत्रा; खालची कड धरून हलवला की ढग गडगडल्यासारखा आवाज व्हायचा. नाटकातला धूर, वारा, वीज, गडगडाट, सगळं तिच्याकडे होतं. तिच्याआधी ते तिच्या वडिलांकडे, नूरमोहम्मदकडे होतं.

ती उतरली आणि हात पुसत सगळ्यांमागोमाग वरच्या मजल्यावरच्या रंगपटात आली.

"आजचा प्रयोग महत्त्वाचा आहे, आमरीन," दिग्दर्शक अभय म्हणाला. "दिल्लीच्या महोत्सवाचे लोक पहिल्या रांगेत असतील. आज काही बिघडलं, तर उद्यापासून तू नाहीस. अप्पांनी तसं स्पष्ट सांगितलंय."

"कळलं."

"कळलं म्हनती," अप्पाराव म्हणाले. "फुलंब्रीलाबी कळलंच व्हतं."

फुलंब्रीच्या प्रयोगात धुराचं यंत्र अवेळी फुसफुसत सुटलं होतं. करमाडला वाऱ्याचा पंखा मध्येच घरघरू लागला होता. आणि गेल्या प्रयोगाला पत्राच आधी वाजला होता, नेमके राजाच्या भूमिकेतले अप्पाराव वरचा षड्ज घेत असताना. प्रत्येक वेळी शेवटच्या पदात. राणीच्या किंवा प्रधानाच्या गाण्यात कधीच काही बिघडलं नव्हतं. अप्पाराव हेच सगळ्यांना सांगत फिरत होते.

प्रेक्षकांनी मात्र अप्पारावांना साथ दिली होती. केवढा सूर लागला होता, पार झाकून टाकला मेल्यांनी, असं म्हणत लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

तालमीत ते वरचा सूर घेत नसत. गळा प्रयोगासाठी राखायचा असतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

दारात काठीचा आवाज आला. नूरमोहम्मद आत आले. शहागंजातून रिक्षाने आले होते; जिना चढल्यामुळे धाप लागली होती.

आमरीन अभयकडे वळली. "अब्बांना कुणी बोलावलं?"

"म्या," अप्पाराव म्हणाले. "या, नूरभाई. तुमच्या लेकीचे पराक्रम तुमच्या तोंडावर सांगावं म्हनलं. मागून बोलायची आपल्याला सवय नाय."

रंगपटात सगळे होते. तबलजी, राणी, कपडेवाली आशाबाई. कुणी खुर्ची पुढे केली नाही.

"तुम्ही व्हता तवर माझ्या गान्याला कधी धक्का लागला नाय," अप्पाराव म्हणाले. "तुम्हाला कान व्हते. हिच्याकडं निस्ती डिगरी हाय. काय म्हनं, फिजिक्स. पोरगी घात करती माझा. काय शिकवलं हिला तुम्ही?"

नूरमोहम्मदनी आमरीनकडे बघितलं. मग बराच वेळ अप्पारावांकडे.

"एकच गोष्ट शिकवली, अप्पा. पत्रा मानसाकडं बघून वाजवायचा."

"मंग हिला मानूस दिसंना का? डोळे फुटले का हिचे?"

तबलजी हसला. नूरमोहम्मदनी काठी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले.

"लेकरू हाय. माफी करा, अप्पा."

"असं नाय. तिलाबी जोडू द्या."

आमरीनने हात जोडले. तिचा चेहरा हलला नाही.

अभयला हे लवकर संपवायचं होतं. त्याने खिशातून एक छोटा दिवा काढला. "हा पत्र्याशेजारी लावतोय. बटण माझ्याकडे. राजाचा सूर संपेल, क्षणभर शांतता, मग आभाळाचं उत्तर. नाटकात तसंच लिहिलंय. हिरवा दिवा लागला की पत्रा. त्याआधी हात लावायचा नाही. धूर आणि पंखाही माझ्या खुणेनेच."

"माणसाकडे बघायचं नाही?" आमरीनने विचारलं.

"दिव्याकडे बघायचं."

ती अप्पारावांकडे वळली. "अप्पा, तुम्हालाही असंच हवंय?"

अप्पारावांनी ज्येष्ठमधाचं पाणी घशाखाली उतरवलं. कपडेवाली, तबलजी, राणी, सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"व्हय," ते म्हणाले. "लई उपकार व्हतील."

"ठीक आहे. आज चूक होणार नाही."

नूरमोहम्मदना ती जिन्यापर्यंत सोडायला गेली. पहिल्या पायरीवर ते थांबले.

"बेटा, गुस्सा पत्र्यात नको आनू."

"नाही आणणार, अब्बा. दिव्याकडेच बघेन."

ते कठडा धरून खाली उतरले आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

प्रयोग रंगला. धूर खुणेला सुटला आणि खुणेला विरला. पंखा हवा तेव्हाच घोंघावला. मध्यंतरात अभय विंगेत आला. "बघ, जमतं की नाही?" तो म्हणाला. आमरीनने मान डोलावली.

शेवटचं पद आलं. राज्य गमावलेला राजा माळावर एकटा उभा राहून आभाळाला आव्हान देतो, असा प्रसंग. अप्पारावांनी पहिल्या ओळी सावकाश, खालच्या सुरात म्हटल्या. पहिल्या रांगेतल्या एकाने डोळे मिटून मान हलवली. ऑर्गन एकेक पायरी वर चढला आणि थांबला.

अप्पारावांनी हात उंचावला. छाती भरून श्वास घेतला. आणि सूर लावायच्या आधी विंगेकडे पाहिलं. पत्र्याकडे. मग आमरीनकडे. ते क्षणभर थांबले, मग आणखी एक क्षण. तबलजीने वळून बघितलं.

आमरीन दिव्याकडे बघत होती.

सूर निघाला. या वेळी त्याच्यावर काहीच कोसळलं नाही. तो अर्ध्यावर चिरकला, फाटला, आणि शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेला. मागे नूरमोहम्मदनी मान खाली घातली. मग, नाटकात लिहिल्याप्रमाणे, क्षणभर शांतता पसरली.

दिवा हिरवा झाला. आमरीनने पत्रा हलवला.