बाहेरची कडी

"कडी घातलीस का?" स्टॅनीने आतून विचारलं.

ओटीवर उभ्या सालोमीने कडी उचलली आणि कोयंड्यावर खण्णकन आपटली. "ऐकू आली ना?"

"आली."

संध्याकाळचे सहा वाजले होते. तुरुंगात याच वेळेला कोठड्या बंद व्हायच्या. सात वर्षं भोगून स्टॅनी घरी आला, त्याला दहा महिने होत आले होते. पण कडीचा आवाज कानांवर पडल्याशिवाय त्याची धडधड थांबत नसे. आल्या दिवशीच त्याने बायकोसमोर हात जोडले होते. "मला बंद कर. मी मोकळा बरा नाही." सालोमी तासभर रडली, मग बाहेर जाऊन तिने कडीला हात घातला. गावात हसणारे हसले. सरकारचा जावई सासर विसरत नाही म्हणाले. दिवसा तो केळीच्या वाडीत खाली मान घालून राबायचा. आगाशीच्या बाजारात एकदाही गेला नाही, देवळात तर नाहीच नाही.

तो आवाज शेजारच्या वाडीतही जायचा. तिथे रुडॉल्फकाका राहत. म्हातारा तेवढ्यासाठी अंगणात उभा असायचा आणि आवाज ऐकल्यावरच पाण्याचा पंप लावायला जायचा. दोन्ही वाड्यांना पाणी एकाच बावखलाचं. दगडी पायऱ्यांचं ते जुनं तळं दोघांच्या बांधावर होतं आणि पाणी घ्यायची पाळी ठरलेली होती. आठ वर्षांपूर्वी त्या पाळीवरूनच भांडण पेटलं आणि स्टॅनीने काकांच्या युजीनला पायरीवर ढकललं. नुसतं ढकललं. पण डोकं दगडावर आपटलं आणि सव्वीस वर्षांचा पोरगा जागीच गेला. 'मारायचं नव्हतं' हे स्टॅनीचं पोलिसांना सांगून झालं, कोर्टाला सांगून झालं. युजीनच्या बापाला सांगायची मात्र त्याची छाती झाली नाही.

"क्रूसापाशी जपमाळ आहे," सालोमी दाराबाहेरून म्हणाली. मे महिन्यात रोज संध्याकाळी सगळं गाव तिथे जमायचं. "एक दिवस तरी चल ना. देवानं तुला सोडवलं ते काहीतरी कामासाठीच."

"देवाला दुसरं कुणी मिळालं नाही?"

तिच्या चपलांचा आवाज लांब गेला. स्टॅनी खाटेवर बसला. तुरुंगात निदान सुटकेची तारीख होती. इथे तीही नव्हती. मरण आलं तर बरं, असं त्याला रोजच वाटायचं. आज ते इतकं वाटलं की तो उठून खिडकीचे गज धरून उभा राहिला.

खिडकीतून बावखल दिसत होतं. रुडॉल्फकाका पायऱ्या उतरत होते. पंपाच्या पाइपात पालापाचोळा अडकला असावा. मे महिना असल्याने पाणी खाली गेलेलं आणि उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर शेवाळ. म्हातारा वाकला, त्याचा पाय सटकला आणि तो पाण्यात गेला. एक हात वर आला. पुन्हा आत गेला.

"धावा! काका पडले!" स्टॅनी ओरडला. क्रूसावरच्या लाउडस्पीकरवर सगळं गाव एका सुरात म्हणत होतं, "आम्हांसाठी विनंती कर." त्याची हाक त्यात बुडाली.

तो दाराकडे धावला. खांदा मारला. लाथा घातल्या. दार हललं नाही. "सालोमी, कडी काढ! अगं, कडी काढ!" पुन्हा खांदा, पुन्हा लाथ. खांद्याची सालटी निघाली. त्याने बायकोला शिव्या घातल्या, मग स्वतःला, आणि शेवटी दहा महिन्यांत पहिल्यांदाच देवाचा धावा केला. दमून तो खाली बसला. उठायला आधार म्हणून त्याने दाराची मूठ धरली, अंगाचा भार तिच्यावर टाकला.

दार त्याच्याकडे आलं.

स्वतःच्याच घराचं दार, आत उघडणारं. कोठडीचं बाहेर उघडायचं. पण एवढा विचार करायला तो थांबला नाही. उघड्या दारातून पळत सुटला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी बावखलात उडी टाकली.

त्याने काकांना सदऱ्याला धरून ओढलं आणि पायरीवर पालथं घातलं. तीच पायरी. पाठीवर थापट्या मारत तो "काका, काका" करत राहिला. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याच्या तोंडातून पाणी आलं, मग श्वास आला. त्यांनी डोळे उघडले आणि समोरचा चेहरा पाहिला.

"तू?" ते खोकत म्हणाले. "तुला तर कोंडलेलं. ऐकलं मी. रोज ऐकतो."

दाराशी आणखी थोडा वेळ गेला असता तर याच पायरीवर दुसरं मरण त्याच्या नावावर लागलं असतं. स्टॅनी हुंदके देऊन रडू लागला. काकांनी तोंड फिरवलं. पण त्याची बाही धरली होती, ती काही सोडली नाही.

जपमाळ संपवून लोक परतत होते. पायऱ्यांवर दोघांना पाहून सालोमी धावत आली. हातात माळ तशीच होती.

"कडी कोणी काढली?" स्टॅनीने विचारलं.

सालोमीने नवऱ्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. ती मटकन पायरीवर बसली.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मी ती एकदाही अडकवली नाही, स्टॅनी. तुम्हा दोघांसाठी रोज नुसती वाजवत होते."