फोटोवरून सांगता येत नाही

"फोटोवरून सांगता येत नाही. शिंपल्याची बिजागरी भिंगाखाली पाहावी लागते," असे भूशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकाबाईंनी फोनवर ठणकावले, तेव्हा कुठे दोन वर्षे घरी न फिरकलेली लेक भटकंतीत सापडलेले ब्रॅकिओपॉड या शिंपल्यासारख्या प्राचीन सागरी जिवाचे बारा जीवाश्म घेऊन आली. वास्तविक त्या बाराही शिंपल्यांची जात बाईंनी फोटो पाहताक्षणीच ओळखली होती.

"दोन दिवस तरी लागतील," बाई करड्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी पहिला जीवाश्म उलटा केला. पोटाशी लेकीच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले अचूक नाव घाईघाईने खोडलेले दिसत होते.

"काय गं आई, फार अवघड आहे का?"

बाईंनी डोळ्यांवरचे भिंग काही खाली घेतले नाही.

"फारच. आठ दिवसांची रजा टाक."