पाण्यातले देव

१९६५ साली सीमेवरच्या लेकाचं पत्र येईना, तेव्हा द्वारकाबाईंनी देव परातीत पाण्यात ठेवले.

"एकामागून दुसरं घडलं म्हणजे एकामुळे घडलं, असं नसतं," यजमान म्हणाले. कॉलेजात ते जुन्या युरोपी तत्त्ववेत्त्यांचा कार्यकारणभाव शिकवत. "परातीचा आणि पोस्टमनचा काय संबंध?"

"नसू दे. तुम्ही हात लावू नका."

पुढे बाई तापाने आडव्या झाल्या. पाणी आटून गणपतीचं डोकं उघडं पडलं आणि त्यांना उठवेना. जीव टांगणीला लागला. तेवढ्यात यजमान आले. बाई झोपल्यात असं समजून परातीत डोकावले आणि त्यांनी हळूच तांब्याभर पाणी ओतलं.

लेक परतला, कर्नल झाला. यजमान निवृत्तीपर्यंत तेच शिकवत राहिले. घरात तो विषय निघाला की बाई म्हणायच्या, "अहो, जरा तांब्या आणता?"