हुबेहूब

पुतळ्याचे ओठ ओले दिसत होते. शिल्पकाराने त्यांच्यावर जरा जास्तच वॉर्निश मारलं होतं. भुवया खऱ्या केसांच्या होत्या, एकेक केस सुईने मेणात रोवलेला. बाईंना शिसारी आली. त्यांनी रुमाल नाकाला लावला. सगळ्यांना वाटलं, नवऱ्याला बघून रडू फुटलं.

"रडू द्या त्यांना," संग्रहालयाचे संचालक हळूच म्हणाले, आणि म्हणता म्हणता कॅमेरेवाल्यांना पुढे जागाही करून दिली.

अंतराळवीराचं दालन उद्या उघडायचं होतं. दाराशी रॉकेट उभं होतं आणि त्याच्या पायाशी मुलांसाठी घसरगुंडी. आत ज्या यानातून तो पृथ्वीवर परतला, ते काळवंडलेलं यान. एका काचपेटीत त्याचे हातमोजे. दुसरीत त्याने अर्धवट खाल्लेली जेवणाची ट्यूब, आतलं अन्न कधीच वाळून काळं पडलेलं. लोक उद्या त्या उष्ट्याला नाक लावून बघणार होते. विक्रीच्या टेबलावर त्याचा हसरा चेहरा कपांवर, किल्ल्यांच्या साखळ्यांवर, इतकंच काय, तान्ह्या बाळांच्या लाळेऱ्यांवरसुद्धा छापलेला. म्हणजे आता पोरंही त्याच्यावर लाळ गाळणार. मोठी माणसं तर गाळतच होती.

बाईंनी फक्त एक शब्द बोलायचा होता. तोही संचालकांनीच ठरवून दिला होता. विधवेने पुतळ्याकडे बघून कॅमेऱ्यासमोर 'हुबेहूब' म्हटलं की झालं. नाही म्हटलं, तर पुतळा परत शिल्पकाराकडे आणि दालन लांबणीवर.

हे दालन मुलीच्या हट्टातून उभं राहिलं होतं. विमानाच्या चाचणीत वडील गेले तेव्हा ती रांगत होती. तिने बाप पाहिला तो फोटोत. चांगली नोकरी सोडून तिने या दालनासाठी खेटे घातले, लोकांची मनधरणी केली, वेळी अपमान गिळले. भिंतीवरचा बाप पोरीला पुरत होता. मग कशाला काही बोला, म्हणून बाई आजवर मूग गिळून बसल्या होत्या.

"बोल ना गं आई," मुलगी म्हणाली. "डोळे जमलेत ना बाबांचे?"

"जमलेत."

"मग अडलंय कुठे?"

"हसतोय फार हा."

"फोटोत हसायचेच की बाबा!"

"हो. फोटोत हसायचे."

पुतळ्याशेजारी चाकांच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. हल्ली त्यांना माणसं ओळखू यायची, पण काळवेळ कळायची नाही. आल्यापासून त्या पुतळ्याचा हात कुरवाळत होत्या आणि येईल त्याला विचारत होत्या, "माझं बाळ जेवलं का?" मेण त्यांच्या नखांत गेलं होतं. त्याच बोटांनी त्या बिस्किट चहात बुडवून चोखत होत्या. "असा गुणी मुलगा शोधून सापडायचा नाही," त्यांनी तोंडातल्या लगद्यासकट शिल्पकाराला सांगितलं. हे कौतुक ऐकून ऐकून बाईंना वीट आला होता. आणि ते करणाऱ्या तोंडात रोज दोन्ही वेळा घास भरवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

मुलगी बघत होती. तिचा चेहरा एवढासा झाला होता. तो बघवेना, तेव्हा बाईंनी रुमाल खाली घेतला. एक शब्द तर आहे, म्हणून टाकावा आणि मोकळं व्हावं. त्या पुतळ्याच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. कॅमेरे वर झाले.

"थांबा, थांबा मॅडम!" संचालक उत्साहाने म्हणाले. "खरी गंमत तर दाखवायचीच राहिली. हा सलामसुद्धा करतो!"

त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. पुतळ्याच्या आत काहीतरी घरघरलं. ओठांवरचं हसू तसंच राहिलं आणि उजवा हात झपकन वर गेला.

बाई खाली बसल्या होत्या. दोन्ही कोपरं चेहऱ्यावर, मान खांद्यांत, पाठ यानाच्या पत्र्याला टेकलेली. कधी बसल्या ते त्यांनाही कळलं नाही. कॅमेरे थांबले. संचालक बटणावरचं बोट काढायला विसरले.

"आई?" मुलगी म्हणाली. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्या उचललेल्या हाताकडे.

सासूबाईंनी गडबडीने पुतळ्याची बाही धरली. जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली, आणि सवयीने आवाज खाली आणून त्या त्याला म्हणाल्या, "आत्ता नको रे राजा. बाहेर पाहुणे बसलेत."